दाखल्यावरचा आकडा आणि माझा भाऊ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक ऑटिझम जागरूकता दिनाच्या, म्हणजे २ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांची ओढाताण लेखिकेने मनापासून मांडली आहे. पण त्यात जाता जाता एक विधान आलं आहे. ज्या स्वमग्न मुलांना बोलता येत नाही त्यांची बुद्धीही बहुधा वाढलेली नसते, अशा अर्थाचं. डॉक्टरांच्या खोलीत, शाळेच्या कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वर्तमानपत्रात छापून आलं की त्याला वजन येतं, आणि नुकतंच निदान झालेल्या एखाद्या मुलाची आई ते कात्रण जपून ठेवते. म्हणून हे पत्र. जरा लांबलं तरी सांभाळून घ्यावं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे आणि बोलत नाही. गुणगुणतो, हुंकार देतो, खूश असला की हात झटकतो. पण शब्द नाही. ‘आई’ सुद्धा नाही. वडील साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते, आता निवृत्त आहेत. आई घरीच असते.

२००४ साली भावाला अपंगत्वाचा दाखला काढायला आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. मी तेव्हा सातवीत होते आणि त्याला सांभाळायला म्हणून सोबत नेलेली होते. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. स्वमग्न मूल असेल तर ‘मतिमंद’ या रकान्यातूनच दाखला मिळायचा, त्यामुळे बुद्ध्यंक काढणं भाग होतं. तपासणाऱ्या बाईंनी आधी तोंडी प्रश्न विचारले. हे काय, ते कशासाठी वापरतात, मी म्हणते ते आकडे म्हणून दाखव. भाऊ वर पंख्याकडे बघत राहिला. मग त्याच्यापुढे लाकडी पाट ठेवला. दहा आकार, दहा खाचा, आणि बाईंच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ. भावाने प्रत्येक तुकडा उचलला, त्याच्या कडांवरून बोट फिरवलं, गालाला लावून पाहिला आणि मग खाचेत ठेवला. एकही तुकडा चुकीच्या खाचेत गेला नाही. पण त्या चाचणीत गुण वेळेला असतात, आणि वेळ तर कधीच उलटून गेला होता.

शेवटी बाई आईकडे वळल्या. शर्टाची बटणं लावतो का? केस विंचरतो का? एकटा दुकानात जाऊन येतो का? शाळेत काय झालं ते घरी येऊन सांगतो का? आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणत गेली. त्या उत्तरांवरून निघालेला आकडा बुद्ध्यंकाच्या जागी लिहिला गेला. ३०. तीस म्हणजे ‘तीव्र’, आणि तीव्र म्हणजे ९० टक्के अपंगत्व.

त्या बाईंना मी दोष देत नाही. बाहेर रांग होती आणि हाताशी जी साधनं होती ती त्यांनी वापरली. पण ती साधनं काय मोजतात, हे मला पुढे बी.एड.ला गेल्यावर कळलं. आपल्याकडची बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. बिने यांची मुळातली फ्रेंच चाचणी इथल्या मुलांच्या भाषेत आणण्याचं ते मोठं काम होतं. पण ती चाचणी ऐकून बोलण्यावर उभी आहे. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी अमेरिकी वेक्सलर चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. तिचा निम्मा भाग तोंडी आहे आणि उरलेल्या भागात हाताची चपळाई लागते. बटणं, कंगवा, दुकान हे प्रश्न ज्या सामाजिक परिपक्वतेच्या मापनश्रेणीत येतात, तिचं भारतीय रूपही मालिन यांचंच. मूल रोजच्या व्यवहारात किती स्वावलंबी आहे हे सांगण्यासाठी ती श्रेणी आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे. जो मुलगा बोलत नाही आणि ज्याची बोटं बटणाच्या काजात अडकतात, त्याच्या बाबतीत या तिन्ही चाचण्या जीभ आणि बोटंच मोजतात. थर्मामीटर तोंडात धरता आला नाही म्हणून ‘ताप नाही’ असं कुणी लिहीत नाही. इथे मात्र तसंच लिहिलं गेलं, वर सही-शिक्काही बसला.

समजतं तर बोलत का नाही, असा प्रश्न लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. बोलण्यासाठी ओठ, जीभ, टाळू, श्वास यांच्या शेकडो हालचाली योग्य क्रमाने आणि योग्य क्षणी व्हाव्या लागतात. काही स्वमग्न मुलांमध्ये मनात ठरवलेली हालचाल स्नायूंकडून करून घेणंच अवघड असतं. आमच्याकडे वाढदिवसाला ‘मेणबत्ती फुंक’ म्हटलं की भाऊ ओठांचा चंबू करायचा प्रयत्न करतो, घामाघूम होतो आणि फुंकर काही निघत नाही. तोच भाऊ सकाळी चहा गरम असला की बशीत ओतून मजेत फुंकर मारतो. आपसूक होणारी हालचाल मागणीवर होत नाही. परीक्षा ही तर सगळी मागणीच असते.

हे केवळ बहिणीच्या मायेपोटी लिहीत नाही. १९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरचा पहिला गाजलेला निबंध लिहिला. त्यात अकरा मुलं होती आणि त्यातली तीन बोलत नव्हती. त्या तिघांपैकी एक व्हर्जिनिया. पाच वर्षांची असल्यापासून तिला मंदबुद्धी मुलांच्या सरकारी संस्थेत ठेवलं होतं. भाषा न लागणारे प्रश्न देऊन तपासलं तेव्हा तिचा बुद्ध्यंक ९४ आला, म्हणजे सरळ सरळ सर्वसाधारण. आणि हिची बुद्धी निश्चितच याहून वरची आहे, असा शेरा मानसशास्त्रज्ञाने दिला. त्या अकरा मुलांपैकी बहुतेकांना कधी ना कधी मंदबुद्धी ठरवलं गेलं होतं, पण त्यांची आकलनक्षमता चांगली आहे, असं कॅनर यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं. १९७१ साली त्यांनी या मुलांचा पुन्हा मागोवा घेतला. व्हर्जिनिया तेव्हा चाळिशीत होती आणि अजून संस्थेतच होती. म्हणजे ही गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदावर आहे.

अलीकडची दोन संशोधनं सांगते, दोन्ही कॅनडातल्या माँट्रियलची. २००७ साली मिशेल डॉसन, इझाबेल सुलिएर, मॉर्टन गर्न्सबाकर आणि लोराँ मोत्राँ यांनी ३८ स्वमग्न मुलांना दोन वेगवेगळ्या चाचण्या दिल्या. यातल्या डॉसन स्वतः स्वमग्न आहेत. एक चाचणी वेक्सलरची आणि दुसरी रेव्हनची. रेव्हनच्या चाचणीत एक नक्षी असते, तिचा एक तुकडा गायब असतो आणि खाली दिलेल्या तुकड्यांतून योग्य तो निवडायचा असतो. सूचना जवळजवळ लागतच नाहीत. सीईटीमुळे पर्सेंटाइल म्हणजे काय ते आता घरोघरी ठाऊक आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते. हीच मुलं वेक्सलरवर सरासरी २६व्या पर्सेंटाइलला होती आणि रेव्हनवर ५६व्या. काही मुलांच्या बाबतीत हा फरक ७० पर्सेंटाइलहून जास्त होता. वेक्सलरनुसार यातली एक तृतीयांश मुलं बौद्धिक अपंगत्वाच्या पट्ट्यात पडत होती, रेव्हननुसार फक्त पाच टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत दोन चाचण्यांमध्ये असा फरक दिसला नाही.

यातली बरीच मुलं बोलणारी होती, असं कुणी म्हणेल. आणि ते खरं आहे. म्हणून दुसरं संशोधन महत्त्वाचं. २०१५ साली व्हॅलेरी कुर्शेन आणि सहकाऱ्यांनी खास शाळांतल्या ३० स्वमग्न मुलांना तपासलं. ही मुलं बोलत नव्हती किंवा अगदी मोजके शब्द बोलत होती. वेक्सलर चाचणी त्यांच्यापैकी एकालाही पूर्ण करता आली नाही. मग त्यांना रेव्हनची रंगीत चाचणी दिली, तीही तुकडे हाताने उचलून खाचेत बसवायच्या स्वरूपात. ३० पैकी २६ मुलांनी ती पूर्ण केली आणि त्यातली १७ मुलं ५ ते ९० पर्सेंटाइलच्या दरम्यान आली. म्हणजे एका कागदावर ज्यांना ‘चाचणी घेण्याजोगी नाहीत’ असं म्हटलं गेलं असतं, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं दुसऱ्या कागदावर चारचौघांसारखी निघाली.

बाकीची तेरा मुलं तशी निघाली नाहीत, हेही मी झाकून ठेवत नाही. न बोलणाऱ्या प्रत्येकाच्या आत एखादा गणितज्ञ दडून बसला आहे, असं मला म्हणायचं नाही. ज्यांना खरोखर बौद्धिक अपंगत्व आहे, त्यांचा मानही तेवढाच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मोजलं नसेल तर आकडा लिहू नये.

आता भावाचं सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. तिचा घरघराट भावाला फार आवडतो. वडिलांबरोबर तो दळण ठेवायला जातो आणि डबा त्यानेच उचलायचा असा रिवाज आहे. गिरणीवाले काका डब्याच्या झाकणावर खडूने आडनाव लिहितात. एकदा गर्दीत आमच्या डब्यावर शेजाऱ्यांचं आडनाव पडलं. डबा आमचाच होता, पोचा पडलेला, भावाच्या ओळखीचा. तरी त्याने तो उचलला नाही. आधी तळहाताने ते आडनाव पुसून काढलं आणि मगच डबा हातात घेतला. वडिलांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, त्याला डाग आवडत नाहीत. असेलही. पण मला स्वस्थ बसवेना, कारण आमच्या आडनावाचा खडू त्याने आजवर कधी पुसला नव्हता.

मी गणित शिकवते. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढायची मला सवय नाही. शिवाय आपल्या माणसाला काय कळतं हे ठरवताना आपण नकळत इशारे देत असतो. नजर वळते, हात किंचित पुढे होतो, चेहरा उजळतो. म्हणून मी अशी व्यवस्था केली. माजघरात पाच वस्तू मांडल्या. त्यांची नावं लिहून चिठ्ठ्यांच्या घड्या केल्या, डब्यात टाकल्या आणि स्वतः परसात जाऊन बसले. स्वयंपाकघरात आईने न बघता एक चिठ्ठी काढायची, स्वतः न वाचता तिची लिहिलेली बाजू भावासमोर धरायची आणि एक अक्षर बोलायचं नाही. भावाने माजघरातून वस्तू आणायची. कोणती चिठ्ठी निघाली हे आईला माहीत नाही आणि मलाही नाही. इशारा द्यायचा म्हटलं तरी देता येणार नाही. पाचांत एक म्हणजे निव्वळ योगायोगाने वीस टक्के बरोबर यायला हवीत. भाऊ बहुतेक वेळा बरोबर वस्तू घेऊन आला. शब्दाचा नुसता आकार बघून अंदाज करत असेल म्हणून मी वाटी, पाटी, काठी, गाठी, दाटी असे जवळचे शब्द घातले. दाटी अर्थातच वस्तू नव्हे. ती चिठ्ठी निघाली तेव्हा तो माजघरात जाऊन नुसता उभा राहिला आणि रिकाम्या हाताने परत आला. मग ‘आईची चप्पल’ आणि ‘बाबांची चप्पल’. मग ‘जी वस्तू ओली आहे ती’. दमला की चुकायचा आणि गल्लीत फटाके वाजले की सगळंच थांबायचं. पण तो वाचतो, आणि वाचलेलं त्याला समजतं, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. त्याला वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. माझा अभ्यास मी त्याच्या शेजारी बसून मोठ्याने करायचे, एवढंच.

एवढ्या तपशिलाने हे लिहिण्याला कारण आहे. बोलू न शकणाऱ्यांच्या बाबतीत दुसऱ्या टोकाचा अन्यायही झाला आहे. ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी सुरू केलेली आणि १९९०च्या सुमारास अमेरिकेत पसरलेली एक पद्धत होती. मदतनीस त्या व्यक्तीचा हात किंवा मनगट धरायचा आणि त्या हाताने अक्षरं दाबली जायची. सुंदर वाक्यं येऊ लागली, आईबाप आनंदाने रडले. मग संशोधकांनी साधी परीक्षा घेतली. मदतनिसाला एक चित्र दाखवलं, मुलाला दुसरं. उत्तर यायचं ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचं. मदतनीस लबाड नव्हते. आपणच लिहितो आहोत हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. त्या हातांनी लिहिलेल्या खोट्या आरोपांवरून कुटुंबं मोडली. अमेरिकेतल्या वाचा आणि श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली तिची विश्वासार्हता सिद्ध झालेली नाही असं जाहीर केलं, आणि २०१८ साली ही पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. २०१८ साली, मदतनीस अक्षरांची पाटी हवेत धरतो त्या पद्धतीबाबतही तोच इशारा दिला.

ही दुसरी पद्धत आपल्या देशातल्या एका आईची आहे. सोमा मुखोपाध्याय यांनी कर्नाटकात राहत असताना आपल्या न बोलणाऱ्या मुलाला, टिटोला, शिकवलं. त्याच्या लेखनाचं पुस्तक २००० साली ब्रिटनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने प्रसिद्ध केलं, तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. टिटो पेन्सिल आपल्याच हातात धरून लिहायचा, आई शेजारी बसून त्याला बोलत बोलत कामावर आणायची. एका मुलाला ते साधलं, याचा अर्थ पाटी धरणाऱ्या प्रत्येक हाताखालून येणारं वाक्य मुलाचंच असतं असा होत नाही. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पाटी टेबलावर ठेवा, हात सोडा, आणि तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट मुलाला विचारा. मुलाचं बोलणं खरोखर मुलाचं असावं, याची काळजी आपण नाही घेणार तर कोण घेणार?

हात न लावताही पुष्कळ काही कळू शकतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विक्रम जसवाल आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली ३१ न बोलणाऱ्या स्वमग्न किशोरांना आणि प्रौढांना आयपॅडवर एक खेळ दिला. अक्षरं एकेक करून चमकायची आणि चमकलेल्या अक्षरावर टिचकी मारायची. मदतीला कुणाचा हात नव्हता. अक्षरांचा क्रम अर्थपूर्ण वाक्याचा असला की पुष्कळ जणांची बोटं जास्त वेगाने पडत होती. म्हणजे पुढचं अक्षर कोणतं येणार हे त्यांना आधीच कळत होतं. शब्दलेखन येत असल्याशिवाय हे कसं होईल? न बोलणाऱ्यांत साक्षर किती, याबद्दल समजलं जातं त्याच्या किमान पाचपट लोक साक्षर असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संख्या लहान आहे, अजून काम व्हायला हवं. पण माजघरातल्या चिठ्ठ्यांच्या जोडीला मला हे फार मोलाचं वाटतं.

भावाच्या हातात आता एक साधा टॅब्लेट आहे. त्यात मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेलं ‘जेलो’ हे ॲप आहे. ते विनामूल्य आहे आणि मराठीत बोलतं. चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ही अनेक घरांत वापरतात. त्याशिवाय वहीच्या पुठ्ठ्यावर मी काढलेली मराठी मुळाक्षरं टेबलावर चिकटवलेली असतात. यातून भाऊ कविता करत नाही. ‘पंखा नको’, ‘गिरणी उद्या’, ‘ताई गप्प’ अशी त्याची वाक्यं असतात. बाराखडीत बोट घसरतं, मात्रा राहून जातात. पण ती वाक्यं त्याची आहेत.

ती नसण्याची किंमत काय असते, हेही सांगायला हवं. १७-१८ वर्षांचा असताना तो अचानक स्वतःच्या जबड्यावर बुक्क्या मारू लागला. रात्र रात्र झोपायचा नाही. एका डॉक्टरांनी दाखला पाहिला, ‘अशा मुलांत असं होतं’ म्हणाले आणि शांत राहायचं औषध दिलं. मग डोस वाढवला. भाऊ दिवसभर भिंतीला टेकून बसू लागला, लाळ गळायची. शेवटी आईच्या हट्टाने दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर दाढेच्या मुळाशी पू झालेला. तो वेडापिसा झाला नव्हता, त्याचा दात दुखत होता. त्याला हे सांगता आलं नाही, आणि दाखल्यावर तीस लिहिलेलं असल्यामुळे त्याला काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मागच्या वर्षी दुसरी दाढ दुखू लागली तेव्हा त्याने जेवणाच्या ताटावरून उठून टॅब्लेट आणला, दाताच्या चित्रावर बोट ठेवलं आणि ते काढेचना. दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात होतो.

असं साधन दिलं तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, ही भीती अनेक पालकांना घातली जाते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली आधीच्या अभ्यासांची छाननी केली. ज्या २७ जणांबद्दल भक्कम पुरावा होता, त्यांपैकी एकाचंही बोलणं साधनामुळे कमी झालं नाही, उलट बहुतेकांचं थोडं तरी वाढलं. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि हे कुणाची मेहेरबानी म्हणून मागायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि त्याच्या कलम १७ मध्ये बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनांचा वापर शिक्षणात वाढवावा असं शासनाला सांगितलेलं आहे. माझ्या माहितीतल्या खास शाळांत मुलं मणी ओवतात, कागदी पिशव्या करतात. करू देत. पण त्यांच्या टेबलावर मुळाक्षरंही असू देत.

नव्या कायद्यानंतर भावाचं दिव्यांगांसाठीचं वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलं. त्यावर स्वमग्नता आली. सोबत तो जुना बौद्धिक आकडाही फाइलमधून जसाच्या तसा उतरून आला, पुन्हा न तपासता. आम्ही खाजगीत एका मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी रेव्हनची रंगीत चाचणी तुकडे कापून, वेळेचं बंधन न घालता, मधे मधे त्याला अंगणात फिरू देऊन घेतली. तो सर्वसाधारण पट्ट्याच्या खालच्या भागात आला. त्या म्हणाल्या, हाही आकडा शेवटचा समजू नका, आज त्याची झोप झालेली नाही. इतक्या वर्षांत भावाच्या झोपेची दखल घेणाऱ्या त्या पहिल्याच परीक्षक.

म्हणून मागणी करते. दाखला देणाऱ्या मंडळांनी कोणती चाचणी वापरली ते दाखल्यावर लिहावं, आणि ती पूर्ण होऊ शकली नसेल तर ‘पूर्ण होऊ शकली नाही’ असंच लिहावं. याला एक पैसाही खर्च येत नाही. बटणं आणि कंगव्याच्या उत्तरांवरून आलेला आकडा बुद्ध्यंकाच्या रकान्यात टाकू नये. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात भाषा न लागणारी एक तरी चाचणी, तुकडे हाताने बसवता येतील अशा स्वरूपात, असावी. आणि वर्तमानपत्रांनी न बोलणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना त्यांच्या बुद्धीवर निकाल देण्याआधी ती कशी तपासली, एवढा एक प्रश्न तज्ज्ञांना विचारावा.

आईवडील थकले आहेत. दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली भावाचं कायदेशीर पालकत्व माझ्याकडे यावं यासाठी आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला आहे. समिती सहसा नातेवाइकांशी बोलते. आमच्या प्रकरणात समितीने भावालाही विचारावं, त्याचा टॅब्लेट आणि मुळाक्षरांचा पुठ्ठा टेबलावर ठेवू द्यावा, प्रश्न लेखी द्यावेत, त्या वेळी मला खोलीबाहेर बसवावं आणि उत्तराला घाई करू नये, असं मी अर्जासोबत लिहून दिलं आहे. ज्या कुटुंबांची अशी सुनावणी यायची आहे त्यांनीही अर्जासोबत ही विनंती जोडावी. साध्या कागदावर चालते.

कळावे,
आपली वाचक,
एक गणित शिक्षिका, जि. सांगली

(भावाची ओळख जाहीर होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती. नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाला स्वतंत्रपणे कळवला आहे.)